शेकलेली सायकल

आमच्या घरात वाकलेली वस्तू कुणी टाकून देत नसे. खिळा वाकला तर आबा तो दगडावर ठेवून ठोकून सरळ करत. तांब्याला पोचा आला तर आई आतून लाटण्याचं टोक घालून तो बाहेर काढी, आणि मग तो तांब्या जरा लंगडा बसला तरी पाहुण्यांपुढं तोच जाई. आबा म्हणजे माझे वडील. निरवांगीच्या शिवारात आमची वस्ती, मूळ धंदा मेंढरांचा. मी लहान असताना कळप मोठा होता. मी मोठी होईतो वीस-बावीस मेंढरं उरली आणि बाकी आम्ही शेतकरी झालो. आबांच्या हातातली काठी मात्र काही सुटली नाही. ती काठी ते स्वतः करत, आणि करताना त्यांचं तोंड बघावं तर परीक्षेला बसलेल्या पोरासारखं. ओली काठी आणायची, शेणकुटांच्या निखाऱ्यावर गोल गोल फिरवत शेकायची, करडईचं तेल चोळायचं, पुन्हा शेकायची. मग घरामागच्या बाभळीच्या बेचक्यात तिचं वाकडं अंग घालून दाबायची आणि गरम असतानाच नांगराच्या सरळ दांडीला करकचून बांधून ठेवायची. रात्र गेली, दोर सोडला, की काठी सरळ. लांबलांबचे पाहुणे त्यांच्याकडून काठ्या मागून नेत. "काठी ऐकती," आबा म्हणायचे, "मानसंच ऐकत न्हाईत."

आई उंबऱ्याशी बसून लोकर कातायची. चरखा फिरला की त्याचा एक घुर्र आवाज यायचा, आणि तो थांबला की घरातल्या सगळ्यांना कळायचं, आता ही काहीतरी बोलणार. ती कमी बोलायची, पण बोलायची ते असं थांबून. पावसाळ्यात आबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत आणि घोंगडी विणत. त्या घोंगड्याचा ताणा, म्हणजे उभे दोरे, मात्र आईच लावायची, त्यात आबांना बोट घालू देत नसे. सकाळी हुलग्याचं माडगं असायचं, त्यात बाजरीची शिळी भाकरी कुस्करून. आता माझी सून त्याच माडग्याला वरनं कोथिंबीर टाकून छोट्या वाटीत देते आणि म्हणते, आई, हे तब्येतीला फार चांगलं असतं. मी म्हणते, बाई गं, तब्येतीसाठी नव्हतो पीत, घरात तेच होतं म्हणून पीत होतो. पण वाटी संपवते आणि आणखी मागते.

तर सायकलीचं सांगते. मी बारावी झाले होते आणि आमच्यापासून दोन कोसांवर, माळाच्या पल्याड एक वस्ती होती, तिथं नवी बालवाडी सुरू व्हायची होती. त्या बालवाडीवर बाई म्हणून माझं नाव लागलं. यादीत माझ्या खाली आणखी एका मुलीचं नाव होतं. तालुक्याच्या बाई आल्या होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, त्यांनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला, "सायकल आहे ना? चालत येऊन अकरा वाजवलेस तर पोरं घरी निघून जातील. सोमवारी नऊला मी तिथं येणार. तू नसलीस तर मी खालचं नाव घेईन." मी म्हटलं, "हाय की सायकल." आणि खरंच होती. आबांनी बारामतीच्या बाजारातून जुनी पुरुषी सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली होती. काळी, मधे आडवी नळी असलेली, माझ्या बरगडीला लागेल एवढी उंच. आबांना स्वतःला सायकल येत नव्हती. मला शिकवायला ते मागनं पळायचे आणि मेंढरांना घालतात तशी हाळी घालायचे. मी आडव्या नळीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर शिकले, मग एक दिवस टांग टाकली. माझ्या बरोबरीच्या दोघींची लग्नं झाली होती. तिसरी ही मी, सायकलीवर. लोक बघायचे. बघू देत, असं माझं तेव्हापासूनचंच.

सोमवार चार दिवसांवर असताना मी रस्ता बघून यावा म्हणून त्या वस्तीकडे निघाले. उन्हाळ्याचं तोंड होतं, उसाचा हंगाम संपत आला होता. वाटेत कॅनॉलजवळ उसानं भरलेली एक बैलांची टायरगाडी उभी होती, गाडीवान बाजूला भाकरी खात होता. तापल्या डांबरावर टायर ठेवू नये, फुटतं, हे मला कुणीतरी सांगितलेलं. म्हणून शहाण्यासारखी मी सायकल गाडीच्या सावलीत आडवी केली आणि कॅनॉलच्या चारीवर, लहान पाटावर, तोंड धुवायला गेले. बैलांना पाण्याचा वास आला असेल. गाडी हलली. मी मागं बघते तो डावं चाक सायकलीच्या मागच्या अंगावर चढलेलं. गाडीवान भाकरी टाकून धावला, पण दोन टन ऊस थांबतोय होय! चाक उतरलं तेव्हा मागची रिम करंजीसारखी दुमडली होती. गाडीवान बिचारा बीडकडचा, मलाच हात जोडायला लागला. "ताई, बैल तहानले होते." मी म्हटलं, "दादा, मीच येडी. सावली तुमची नि सायकल माझी." त्यानं ती उसावर टाकली आणि आमच्या फाट्यापर्यंत आणून सोडली. मी घरी जाईपर्यंत रडले नाही. घरी गेल्यावर रडले, पण भाकऱ्या थापता थापता, म्हणजे काम थांबलं नाही.

आबा दुसऱ्या दिवशी ती घेऊन इंदापूरला गेले, मी बरोबर. तिथल्या मिस्त्रीनं रिम बदलली, तारा ताणल्या, चाक झकास फिरायला लागलं. पण चाक बसवलं तर ते डाव्या बाजूला तोंड फिरवून उभं. मागच्या चाकाला दोन्हीकडनं धरणाऱ्या नळ्याच तीन बोटं डावीकडं वाकल्या होत्या. मिस्त्री एक डोळा मिटून मागनं बघत म्हणाला, "तात्या, फ्रेम गेली ही. अशी चालवली तर खेकड्यासारखी तिरकी जाईल, चेन पडेल दर दहा पावलांवर. भंगारात द्या, माझ्याकडं एक फ्रेम यायचीय पंधरा दिवसांनी."

"पंधरा दिवसांनी?" मी म्हटलं.

"मग काय उद्या देऊ? लग्नाचा मुहूर्त चुकतोय का तुमचा?"

आबांनी चाक काढून माझ्याकडं दिलं आणि फ्रेम गळ्यात अडकवली, कोकरू घेतात तशी. "लोखंड वाकलं म्हंजी मेलं व्हय?" एवढंच म्हणाले नि चालायला लागले. एसटीत बसेपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. "वाकलंय. आपुन काय करतो वाकल्यावर?"

घरी आल्या आल्या त्यांनी शेणकुटं पेटवली. निखारा झाला तशी त्यांनी फ्रेमच्या मागच्या नळ्या त्यावर धरल्या आणि अगदी काठीसारख्या फिरवून फिरवून शेकल्या. काळ्या रंगाचे फोड आले, जळका वास असा सुटला की मेंढरं वाघरीच्या, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कुंपणाच्या, दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. आबांनी करडईचं तेल चोळलं. मी फडक्यानं धरून होते. आईचा चरखा थांबला. "अवं, ते काय लाकूड हाय का तेल प्यायला?" आबा म्हणाले, "तू कात." मग बाभळीच्या बेचक्यात घातली, दाबली, वाकडी बाजू सरळ दिसेस्तोवर ओढली आणि नांगराच्या दांडीला बांधली. बांधणी एवढी सुबक होती, काय सांगू. मीसुद्धा मनातल्या मनात सोमवारच्या साडीची घडी मोडून बघितली.

शनिवारी सकाळी आबांनी दोर सोडला. टण्ण! नळ्या उडून जिथं होत्या तिथं जाऊन बसल्या. तीन बोटं डावीकडं. रात्रभर जणू वाटच बघत होत्या. आबांनी नळ्या पुन्हा चाचपल्या. काठीनं त्यांना कधी असं केलं नव्हतं. मग म्हणाले, "शेक कमी पडला. लोहाराच्या भट्टीवर नेतो, लालभडक करून आनतो."

"लाल केली तर सांधे सुटतील," मी म्हटलं. मिस्त्रीच्या दुकानात मी तासभर उभी होते ती काही फुकट नव्हे. फ्रेमचे सांधे पितळ वितळवून जोडलेले असतात हे तिथं बोलणं चाललेलं मी ऐकलं होतं. "पितळ पाघळलं तर घरी गठुळं घिऊन यावं लागंल."

"मंग तू सांग. तू शिकलीयास."

हे टोमण्यानं बोलले होते. त्यांनी रागानं फ्रेम पुन्हा बेचक्यात कोंबली, नांगराची दांडी तिच्यात अडकवली आणि सगळं अंग टाकून रेटा दिला. तेवढ्यात त्यांचा पाय घसरला. दांडी सरळपणाच्याही पुढं, चांगली वीतभर उजवीकडं गेली आणि आबा मातीत बसले. फ्रेम टण्णकन परत आली. पण मी बघत होते. आधीच्या जागी नाही आली. बोटभर अलीकडं थांबली.

मी म्हटलं, "आबा, कमी झालंय."

"काय कमी झालंय? कंबर मोडली माझी."

"वाक कमी झालाय. काठी जिथं बांधाल तिथं ऱ्हाती. लोखंड मागं येतंय. मग त्याला मागं यायला जागा द्यायची. सरळच्या पल्याड न्यायचं, म्हंजी मागं यिऊन सरळवर थांबंल."

"आन पल्याड नेल्यावर तितंच ऱ्हायलं तर? मंग उजवीकडं वाकलं की!"

"थोडं थोडं न्यायचं. दर वेळी बघायचं."

आबा उठले, लेंगा झटकला. आयुष्यभर त्यांनी जे केलं त्याच्या उलट मी सांगत होते, तेही अठरा वर्षांची पोरगी, आणि सकाळी दूध न्यायला आलेला शेजारी उभा राहून ऐकत होता. मला वाटलं आता काठीच घेतील. ते शेजाऱ्याला म्हणाले, "तुजं दूध घेतलंस न्हवं? मग वाट कुनाची बघतूस?" तो गेल्यावर माझ्याकडं वळले. "हं. कुठवर रेटू?"

आता खरी पंचाईत. आबा म्हणत सरळ झाली, मी म्हणे अजून नाही. चार वेळा रेटून झालं तरी आमचं एकमत होईना. ते एक डोळा मिटत, मी दुसरा मिटे. मग चरखा थांबला. आई आतनं लोकरीच्या दोऱ्याची गुंडी आणि ज्वारीचं एक चिपाड घेऊन आली. "डोळ्याला काय कळतंय," ती म्हणाली. "घोंगड्याचा ताणा मी डोळ्यानं लावते व्हय?" तिनं मागच्या चाकाचा आस बसतो त्या डाव्या खाचेत दोरा बांधला, तो पुढं नेऊन हँडलच्या नळीला वळसा घातला आणि उजव्या खाचेत आणून ताणून बांधला. मधे सीटची नळी उभी. "आता बगा. दोरा ह्या नळीपास्नं दोन्हीकडं सारखा पायजे. जिकडं जास्ती, तिकडं वाक." चिपाडाचा तुकडा तिनं एका बाजूच्या फटीएवढा मोडला आणि दुसऱ्या बाजूला लावला. तिथं तो अजून सैल पडत होता, मधे माझ्या करंगळीचं पेर जाईल एवढी फट.

आबांनी त्या दोऱ्याला बोट लावून बघितलं. "ह्ये कवापास्नं ठावं हाय तुला?"

"ताणा लावतीया तवापास्नं. तुमी इचारलं कुठं?"

मग दिवसभर आमचं तेच. दोरा सोडायचा, आबांनी रेटायचं, दोरा बांधायचा, मी चिपाड लावायचं. रेटताना मी बाजूला उभी राहून "बास" म्हणायचं आणि त्यांनी थांबायचं, असं ठरलं. आबांना थांब म्हणणारं माणूस त्या शिवारात नव्हतं. पहिल्या दोन वेळा ते माझ्या "बास"नंतरही थोडं पुढं गेले, सवयीनं. तिसऱ्या वेळी फ्रेम पल्याड गेली ती खरंच पल्याड राहिली, अर्धं बोट उजवीकडं, आणि आबांचं तोंड उतरलं. मला मात्र भीती वाटली नाही. उलट त्यांना म्हटलं, "बरं झालं. आता कळलं ना, किती रेटल्यावर राहतंय ते." उलटी करून दुसऱ्या बाजूनं हलकेच दाबली. त्यानंतर माझ्या "बास"वर ते असे थांबायचे की हातातली दांडी मधेच थरथरत राहायची. शेवटी संध्याकाळी, कारखान्याचा भोंगा झाला त्या सुमाराला, चिपाड डावीकडं बसलं आणि उजवीकडंही बसलं. पुन्हा आईनं लावून बघितलं. मग ती शेंगुळी करायला आत गेली. हुलग्याची शेंगुळी आमच्याकडं कुणी पाहुणा आला तरच व्हायची.

माझा नातू हल्ली एकवीस गिअरची सायकल चालवतो. ती एका बोटावर उचलते. वाकली तर काय करशील, विचारलं, तर म्हणतो, आजी, ती वाकत नाही, तडकते. मग मला जरा वाईट वाटतं. सायकलीबद्दल नाही, त्याच्या हाताबद्दल.

रविवारी चाक बसवलं, चेन चढवली. अंगणात मी दोन फेऱ्या मारल्या, सरळ गेली. पण आबांच्या मनात एक किडा होता, आणि खरं सांगते, माझ्याही. वाकवून सरळ केलेलं लोखंड, वरनं शेकलेलं. खड्ड्यात आपटलं आणि माळावर मधेच मोडलं तर? सोमवारी नऊला मी कुठंतरी बाभळीखाली मोडकी सायकल धरून, आणि तालुक्याच्या बाई खालचं नाव लिहून घेतायत. मी म्हटलं, "मागं ज्वारीचं पोतं बांधते आन जाऊन येते तितवर."

"पोतं बोलतंय व्हय?" आबा म्हणाले. "कुठं कुरकुरतंय, कुठं दबतंय, पोतं सांगंल का तुला?" आणि त्यांनी पटका नीट केला, कॅरिअरवर टांग टाकली आणि बसले. खाली वाकून एक हात त्यांनी वाकलेल्या जागेवरच ठेवला, बोटं पसरून, गाभण मेंढीच्या पोटावर ठेवतात तसा. "हं. चल."

आबा पैलवानी हाडाचे. मला आधी वाटलं पुढचं चाकच उचलेल. पहिल्या दहा पावलांत आम्ही दोनदा पडता पडता वाचलो. मग जमलं. गावातनं जायचं तर पारावरनं रस्ता, आणि रविवारची सगळी मंडळी पारावर. कुणाचीही लेक मागं बसलेली त्यांनी बघितली होती. बाप मागं आणि लेक पुढं, हे कुणी बघितलं नव्हतं. मला कान गरम झालेले कळत होते. तरी घंटी वाजवली.

"आबा! वरात कुठं निघाली?"

"आरं, पोरगी घिऊन पळाली आबाला!"

"आबा, लेकीच्या मागं बसलासा?"

आबांनी मान वर केली नाही, कान सायकलीला लावलेला. "बसलोय कुठं? वजन म्हनून ठिवलंय मला," ते म्हणाले. "गप ऱ्हावा जरा, ऐकू द्या." आणि गंमत म्हणजे पारावरची माणसं खरंच गप्प झाली, आम्ही पुढं जाईपर्यंत.

माळाची वाट म्हणजे नुसते दगड. प्रत्येक खड्ड्याला मी वळवायला बघे आणि आबा मागनं सांगत, "वळवू नगंस. त्यातनंच घे." मी घेत गेले. चढाला माझे पाय भरून आले, श्वास लागला, तरी उतरा म्हणाले नाही आणि तेही उतरले नाहीत. कॅनॉल मागं गेला. एक जागा अशी आली की चाक दणकून आपटलं आणि काहीतरी कट्ट वाजलं. "आबा?"

"सीटची स्प्रिंग हाय. चल."

बालवाडी म्हणजे एक पत्र्याची खोली, बाहेर लिंबाचं झाड, दाराला कुलूप. आम्ही उतरलो तेव्हा आबांचा हात तेलानं आणि जळक्या रंगानं काळा झाला होता. त्यांनी नळ्या वरनं खाली चाचपल्या, खाली बसून बघितलं, मागं जाऊन बघितलं. मग खोलीच्या खिडकीतनं आत वाकून बघितलं. आत काही नव्हतं, एक फळा भिंतीला टेकवून ठेवलेला.

"हितं बसनार तू?"

"व्हय."

"आन पोरं?"

"हितंच, खाली."

ते पटक्याच्या शेवानं तोंड पुसत राहिले. मी सायकल फिरवली आणि कॅरिअरवरची धूळ झटकली. "बसा."

"न्हाय. तू हो फुडं."

"अवं आबा, दोन कोस हाय! चालत?"

"मी चाललो न्हाय व्हय कधी? कोकणात मेंढरं घिऊन गेलोय मी," ते म्हणाले. "वजन टाकून बघितलं, झालं. उद्या काय मी मागं बसनार हाय तुज्या? आता बिनवजनाची कशी चालती तेबी बगून ठिव."

मी टांग टाकली. मोकळी सायकल माळावरनं अशी सुटली की पहिल्या उताराला मला ब्रेक धरावा लागला, मग मी तो सोडला. दिवस मावळायच्या आत घरी पोचले. आईनं उंबऱ्यातनं विचारलं, "त्यास्नी कुठं सोडलंस?" मी म्हटलं, "येत्यात." सोमवारी सव्वाआठलाच मी त्या लिंबाखाली होते, आणि तालुक्याच्या बाई आल्या तेव्हा वस्तीवरनं किल्ली मागून, नऊ पोरं जमवून, फळा बाहेर काढून मी बसले होते.